अवाजीच्या धक्क्याला बोट लावताना

सासरे निफाडहून ओसाकाला आमच्याकडे येऊन महिना झाला होता, आणि त्या महिन्यात आमचं दोघांचं बोलणं चहा, औषधं आणि कचरा यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. कचरा यासाठी, की इथे जळणारा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. ते शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ही शिस्त त्यांना मनापासून पटली होती. बाकीचं कितपत पटलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाई गेल्यापासून ते मुळातच कमी बोलत, आणि जे बोलत ते मुलाशी.

रोज जेवताना ते नवऱ्याला एकच विचारत, "मग, परत कधी यायचं ठरतंय?"

नवरा म्हणायचा, "बघू बाबा, एवढा प्रोजेक्ट होऊ दे."

मी खाली बघून जेवत राहायचे. कारण परत जायला नवरा केव्हाच तयार होता. तयार नव्हते ती मी. त्याच्या मागून डिपेंडंट व्हिसावर आले, पहिली दोन वर्षं खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत काढली, मग हट्टाने जपानी शिकले, आणि आता एका कंपनीत पुण्याची टीम आणि इथले ग्राहक यांच्यामधली दुभाषी म्हणून कायम झाले होते. माझं काम म्हणजे इकडचं तिकडे पोचवणं, आणि पोचवताना मऊ करणं. पुण्याचा मुलगा म्हणाला, 'हे होणार नाही,' की मी जपानीत म्हणायचे, 'यावर थोडा विचार करावा लागेल असं दिसतं.' घरातही मी तेच करत होते. फक्त घरात मी काही पोचवतच नव्हते.

आमच्या ऑफिसातले एक विभागप्रमुख त्याच वर्षी निवृत्त झाले होते. मला नोकरीवर घेतलं ते त्यांनी. त्यांची एक जुनी, लहानशी शिडाची बोट होती. ऑफिसात त्यांच्या आडनावापुढे नेहमीचं आदराचं 'सान' लागायचं, पण बोटीवर पाऊल ठेवलं की त्यांना सगळे सेनचो-सान म्हणत, म्हणजे कप्तान. सत्तरीच्या जवळ आलेले, बारीक चणीचे, माझ्याशी अत्यंत अदबीने बोलणारे. मी त्यांच्याबरोबर तीन-चार वेळा गेले होते. मोकळ्या पाण्यात सुकाणू धरायचं एवढं मला येत होतं. बंदरात शिरणं आणि बोट धक्क्याला लावणं ते स्वतः करत. "समुद्रावर चूक झाली तर वेळ मिळतो," ते म्हणायचे, "धक्क्यापाशी मिळत नाही."

सासरे आलेत कळल्यावर त्यांनीच बोलावलं. बेत साधा होता. सकाळी ओसाकाच्या दक्षिणेकडच्या मरिनातून, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदरातून, निघायचं, उपसागर ओलांडून अवाजी बेटावर जायचं, बोट तिथल्या लहान मरिनात ठेवायची आणि पुलावरून बसने परत यायचं. पुढच्या आठवड्यात त्यांचे मित्र बोट परत आणणार होते. नवरा कामासाठी टोकियोला गेलेला. सेनचो-सानांची बायको येणार होती, पण तिला सर्दी झाली. म्हणून आम्ही तिघंच.

"अवाजीत काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कांदा प्रसिद्ध आहे तिथला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "निफाडच्या माणसाला कांदा दाखवायला समुद्रापार नेतेस?"

महिन्याभरात पहिल्यांदाच ते माझ्याशी थट्टेने बोलले होते. मला बरं वाटलं. त्यामुळे सकाळी आकाश जरा मळकट आहे, वारा अंदाजापेक्षा लवकर उठलाय, हे दिसूनही मी काही म्हटलं नाही. सेनचो-सानांनी बराच वेळ ढगांकडे बघितलं आणि म्हणाले, वारा ईशान्येचा आहे, पाठीशी राहील, लवकर पोचू.

पाठचा वारा फसवा असतो हे मी त्या दिवशी शिकले. तो अंगाला लागत नाही. बोट आणि वारा एकाच दिशेने चाललेले असतात, त्यामुळे सगळं शांत वाटतं. शीड भरलेलं, उन्हाचे तुकडे पाण्यावर, दूरवर मालवाहू जहाजं रांगेने चाललेली. सासरे लाइफ जॅकेट घालून, दोन्ही हातांनी कठडा धरून ताठ बसले होते, शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसावं तसे. मागून येणाऱ्या लाटा हळूहळू मोठ्या होतायत हे माझ्या लक्षात आलं, पण सेनचो-सान काही बोलत नव्हते, म्हणून मीही नाही.

अर्ध्या वाटेवर सासऱ्यांनी मला विचारलं, "खरं सांग. तुम्ही परत येणार आहात का?"

सुकाणू माझ्या हातात होतं. सेनचो-सानांना मराठी कळत नव्हतं. तिथून उठून स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं.

"त्याने काय सांगितलंय तुम्हाला?" मी म्हटलं.

"त्याचं मी रोज ऐकतो. तुला विचारतोय."

मी उत्तर द्यायच्या आत मागून एक लाट बोटीखाली घुसली, मागची बाजू आडवी फिरली आणि शिडाची आडवी काठी कडकन हलली. सेनचो-सान झटकन पुढे सरकले आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून सुकाणू सरळ केलं. प्रश्न तिथेच राहिला. सासरे पुन्हा समोर बघू लागले.

अवाजीचा किनारा जवळ आला तेव्हा वाऱ्याचा खरा जोर दिसला. बंदराच्या भिंतीवर लाटा फुटत होत्या आणि फेस भिंतीच्या वर उडत होता. शीड उतरवायचं तर बोटीचं तोंड वाऱ्याकडे फिरवावं लागतं. सेनचो-सानांनी इंजिन सुरू केलं, मला म्हणाले, "कृपा करून तोंड वाऱ्यात धरून ठेवाल का," आणि ते पुढे डोलकाठीपाशी गेले.

तोंड फिरलं आणि सगळी शांतता संपली. वारा कानात ओरडायला लागला, पाणी तोंडावर येऊ लागलं. शीड अर्धं खाली आलं तेव्हा बोटीचं नाक एका लाटेत खाली गेलं आणि वर उसळलं. सेनचो-सानांचा पाय सुटला. ते डोलकाठीवर खांद्याने आदळले आणि केबिनच्या छपरावर आडवे झाले. कठड्याची तार पायात आली म्हणून पाण्यात गेले नाहीत.

मी सुकाणू सोडू शकत नव्हते. सासरे उठले. त्यांनी चालायचा प्रयत्न केला नाही. ते गुडघ्यांवर, रांगत पुढे गेले, सेनचो-सानांच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि त्यांना ओढत मागे आणलं. मग पुन्हा रांगत गेले आणि फडफडणारं शीड अंगाखाली दाबून जमेल तसं बांधून आले.

सेनचो-सान माझ्या पायाशी बसले. चेहरा पांढरा पडला होता, उजवा हात लुळा लोंबत होता, आणि श्वास घेताना ते दात आवळत होते.

"मी तटरक्षक दलाला फोन करते," मी म्हटलं.

"नको. लोकांना त्रास होईल."

"तुमचा हात मोडलाय."

"बंदर समोर आहे," ते म्हणाले. "तुम्ही न्याल."

मी मरिनाच्या ऑफिसला फोन लावला. एका बाईने उचलला. त्या दिवशी तिथे ती एकटीच होती, पण ती म्हणाली, धक्क्यावर येते, दोर घेते, ॲम्ब्युलन्सही बोलावते. रिकामी जागा भिंतीपासून दुसऱ्या तरंगत्या धक्क्याला, डाव्या हाताला. मग तिने विचारलं, "बोट कोण लावणार आहे?"

"मी," म्हटलं. ती म्हणाली, "सावकाश या."

सावकाश येणं हीच तर अडचण होती. वारा आता पुन्हा पाठीशी होता आणि बोटीला बंदरात ढकलत होता. भिंतीच्या तोंडातून आम्ही आत शिरलो ते घसरत शिरावं तसे. आत लाटा नव्हत्या, पण वारा तितकाच. दोन्हीकडे बांधलेल्या बोटी, मधे अरुंद पाणी.

सेनचो-सानांनी सूचना द्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'करा'सुद्धा म्हटलं नव्हतं. 'कराल का' असंच म्हणायचे. आता वेदनेत त्यांच्याकडे तेवढा श्वास नव्हता. "डावीकडे. अजून. वेग तोड. मागे घाल. मागे." जपानीतलं ते उघडं आज्ञार्थाचं रूप मला पुस्तकात शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की हे तुम्हाला वापरायची वेळ येणार नाही, ओळखता आलं म्हणजे झालं.

सासरे बोटीच्या मध्यावर दोर घेऊन उभे होते. दोराचं एक टोक बोटीच्या लोखंडी खुंटाला बांधलेलं, दुसरं टोक त्यांच्या हातात. ते धक्क्यावरच्या बाईकडे फेकायचं.

"त्यांना सांग, उडी मारायची नाही," सेनचो-सान म्हणाले. "काही झालं तरी."

"बाबा, उडी मारायची नाहीये बरं का, फक्त दोर टाकायचाय, मी सांगेन तेव्हा..."

एवढं मऊ वाक्य संपेपर्यंत धक्का शेजारी येऊनही गेला. वेग जास्त होता. सासऱ्यांनी दोर फेकला, तो बाईच्या पुढ्यात पाण्यात पडला. मी इंजिन मागे घातलं आणि बोट थांबण्याऐवजी तिची मागची बाजूच धक्क्यापासून दूर सरकायला लागली. समोर एक पांढरी मोटरबोट, तिची चकचकीत बाजू भिंतीसारखी अंगावर येणारी.

"दोर," सेनचो-सान ओरडले. "दोर पंख्यात जाईल. पुढे घाल. उजवीकडे. पूर्ण."

"बाबा, दोर ओढ," मी किंचाळले. "ओढ लवकर."

ते ओढू लागले. मी सुकाणू शेवटपर्यंत दाबून धरलं. पांढऱ्या बोटीला आम्ही घासलो नाही, एवढंच सांगता येईल. तिच्यावरच्या दोरीला वाळत घातलेला टॉवेल माझ्या खांद्याला लागला.

त्या अरुंद पाण्यात वर्तुळ घेऊन पुन्हा वाऱ्याच्या बाजूला जायचं होतं. सेनचो-सानांनी डोळे मिटले होते. त्यांची शुद्ध हरपली असं मला वाटलं.

"सेनचो-सान."

"आहे," ते म्हणाले. "या वेळी मधला दोर फक्त. बाकी विसर. अर्ध्या बोटीइतकं अंतर असताना मागे घाल, त्याआधी नाही."

दुसऱ्या वेळी मी हळू आले. जितकं हळू येता येतं तितकं. धक्का वीतभर वीतभर जवळ येत होता. बाई धक्क्याच्या टोकाला गुडघे टेकून बसली होती, हात पुढे करून.

"फेक," मी म्हटलं.

सासऱ्यांनी फेकला. तिने झेलला आणि धक्क्यावरच्या खुंटाला दोन वेढे घातले. आता बोट पुढे सरकेल, दोर ताणला जाईल आणि बोट त्यावर थांबेल. पण सासरे मदत म्हणून खाली वाकले होते, आणि आमच्या बाजूच्या खुंटाशी दोर दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांची बोटं दोर आणि लोखंड यांच्या मधे होती.

"युबी," सेनचो-सान ओरडले. "युबी."

युबी म्हणजे बोट. हाताचं.

"बोट," मी ओरडले. "बाबा, बोट काढ."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग बोटीकडे, मग धक्क्याकडे. चेहऱ्यावर प्रश्न. इतक्या खटपटीने लावलेली बोट ही काढ का म्हणतेय. दोराचा झोळ सरळ होत चालला होता. तो सरळ होताना मला दिसत होता आणि दुसरा शब्द सुचत नव्हता. दिवसभर मी दोन भाषांमधून ये-जा करत होते आणि नेमक्या त्या क्षणी माझ्याच भाषेने दार लावून घेतलं.

"हात," मी म्हटलं. "हात. हात."

त्यांनी हात काढले. दोर खाडकन ताठ झाला, पिळून त्यातून पाणी उडालं. बोटीला हिसका बसला, ती धक्क्यावर रबराच्या गाद्यांना आदळली आणि उभी राहिली.

सेनचो-सान हळूच म्हणाले, "इंजिन बंद कराल का." त्यावरून मला कळलं की झालं.

ॲम्ब्युलन्स आली. त्यांच्या खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. स्ट्रेचरवरून त्यांनी बाईची माफी मागितली, माझी मागितली, आणि मला बजावलं की मागचा आणि पुढचा दोरही बांधा, संध्याकाळी वारा वाढेल. ते गेल्यावर आम्ही दोघांनी आणि त्या बाईने मिळून बोट नीट बांधली. मग ऑफिसात तिने गरम चहा दिला. सासऱ्यांनी कप दोन्ही हातांत धरला तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. ती सगळी होती. मला रडू आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन आले.

बसमध्ये नवऱ्याचा फोन आला. मी सांगितलं. तो आधी घाबरला आणि मग चिडला. "बाबांना कशाला नेलंस बोटीवर?" आवाज इतका मोठा होता की शेजारी ऐकू गेला. सासऱ्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी माझ्या पायाने चढलो," ते म्हणाले. "तू तुझं काम कर." आणि फोन माझ्याकडे दिला.

बस पुलावर आली. खाली पाणी पांढरं झालं होतं.

"तू मला 'ओढ' म्हणालीस," ते म्हणाले. "'फेक' म्हणालीस."

"चुकून गेलं, बाबा."

"'ओढा' म्हणाली असतीस तर मी विचारलं असतं, कशाला." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बत्तीस वर्षं मास्तरकी केली मी. सवय वाईट असते."

मग मी सांगून टाकलं. "बाबा, परत न जायचं माझं आहे. त्याचं नाही. तो माझ्यासाठी थांबलाय."

"अंदाज होता," ते म्हणाले. "तुझ्याकडून ऐकायचं होतं."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं. वाटणारच. त्यावर तू आता गोड काही बोलू नकोस."

मी बोलले नाही.

काही दिवसांनी सेनचो-सानांना ओसाकाच्या हॉस्पिटलात हलवलं, तेव्हा सासरे म्हणाले, मीही येतो. सेनचो-सान पलंगावर उशांना टेकून बसले होते, हात छातीशी बांधलेला. मला बघताच मान झुकवून म्हणाले, त्या दिवशी मी फार उद्धटपणे बोललो. त्यांची बायको शेजारी सफरचंद सोलत होती. ती न थांबता म्हणाली, आम्ही बोट विकायचं ठरवलंय.

सेनचो-सान पांघरुणाची कड सारखी करत राहिले.

"काय म्हणाल्या?" सासऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "अंथरुणावरून असे निर्णय घेऊ नयेत. ही गेली तेव्हा पंधरवड्यात मी घर विकायला काढलं होतं. म्हटलं, विकतो आणि ओसाकाला पोरांकडे जाऊन राहतो, एकट्याने काय करायचं इथे. मुलाने थांबवलं. म्हणाला, तिला नुकती नोकरी लागलीय, आत्ता नको. रागावलो होतो त्याच्यावर. पण घर राहिलं ते बरं झालं. सांग त्यांना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याने मला कधीच सांगितलं नव्हतं.

"सांग ना," सासरे म्हणाले.

सेनचो-सान आणि त्यांची बायको माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगायला लागले. 'नोकरी' या शब्दापाशी अडले. 'कोणाला नोकरी लागली होती' हे जपानीत वगळता येतं, वाक्य कर्त्याशिवायही चालतं. मी वगळलं नाही. मुलाची बायको, म्हणजे मी, असं म्हटलं.

बाईंचा चाकू थांबला. सेनचो-सानांनी सासऱ्यांकडे बघून हळूहळू, दुखत असूनही, खोल मान झुकवली.

परतताना स्टेशनच्या जिन्यावर मी विचारलं, "बाबा, आता आमच्याकडे राहायला यायचं मनात आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "आता सवय झाली तिथली. थंडी संपली की येत जाईन महिनाभर." जिना संपेपर्यंत त्यांनी कठडा धरला होता. वर आल्यावर म्हणाले, "पण विचारलंस ते बरं केलंस."

त्याने हे माझ्यापासून लपवलं म्हणून त्या रात्री नवऱ्याशी माझं भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. सासरे पलीकडच्या खोलीत जागे होते हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि त्यांनीही ते लपवलं नाही. मधेच उठून पाणी पिऊन गेले. ठरल्या तारखेला ते निफाडला परतले. सेनचो-सानांनी बोट विकली नाही, पण आता ते एकटे किंवा नुसत्या माझ्यासारख्या नवख्यांना घेऊन जात नाहीत, सोबत दोन मित्र असतात. ते मला अजून बोलावतात. मी जाते. बंदरात शिरताना सुकाणू घ्या म्हणाले तर मात्र मी अजून नाही म्हणते, आणि ते आग्रह करत नाहीत.